हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की भाऊची झोप जाते : एक केस

पेशंटला विचारून लिहितेय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात आणि नाव देत नाही. गावात त्याला सगळे भाऊ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू. वय २८, चोपड्याच्या बाजूचं तापीकाठचं गाव, केळीची शेती, घरात आजी, आईवडील, बायको आणि सव्वा वर्षाची मुलगी. मी जळगावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, हे आधीच सांगते कारण पुढे गोळ्यांचा विषय येणारच आहे.

भाऊला घेऊन वहिनी, म्हणजे त्याची बायको, आल्या, तो स्वतःहून आला नाही. जुलैचा महिना होता. वहिनींची तक्रार एका वाक्याची होती, "मॅडम, हे झोपत नाहीत ते नाहीत, पोरीलापण झोपू देत नाहीत." म्हणजे काय तर पाऊस जोरात लागला की भाऊ रात्री उठणार, झोपलेल्या मुलीला उचलणार आणि वरच्या खोलीत नेऊन ठेवणार, ती रडायला लागली की वहिनी उठणार, मग दोघांचं भांडण, मग आजी उठणार. एकदा तर त्याने बायकोवर हात उगारला होता. मारलं नाही, पण ते त्याला स्वतःलाच इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी "चल, कुठे न्यायचं तिथे ने" म्हणाला.

याआधी काय काय झालं होतं ते ऐका, कारण आपल्याकडे झोपेचा पेशंट सरळ आमच्यापर्यंत कधीच येत नाही. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी झाला, टूडी इको झाला, दोन्ही नॉर्मल. मग ॲसिडिटीचा कोर्स. मग एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली, ती चिठ्ठी संपली तरी भाऊ मेडिकलवरून परस्पर गोळी आणत राहिला, दोन वर्षं. अर्धीची एक झाली, एकीची दीड. मधे आजीच्या आग्रहाने भगताकडेपण जाऊन आले. आजीचं म्हणणं पक्कं होतं, हे बाहेरचं आहे, सुरतला त्या वर्षी कानबाईचं (आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी) विसर्जन नीट झालं नाही, म्हणून कानबाई माय पोराला झोपू देत नाही.

सुरत हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा आजीमुळे आला. भाऊने स्वतःहून उच्चारच केला नव्हता. हिस्टरीत "लहानपणी काही मोठा प्रसंग?" या प्रश्नाला त्याचं उत्तर "काही नाही, सगळं नॉर्मल" असं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या हिशोबात ते नॉर्मलच होतं, कारण त्यांच्या गल्लीतल्या सगळ्यांनी तेच पाहिलेलं.

खरा धागा मात्र उन्हाळ्याच्या चौकशीत सापडला. मी सहज विचारलं की वर्षभर असंच असतं का, तर म्हणे नाही, मार्च ते मे मस्त झोप लागते, गोळीपण अर्धीच लागते. आता खान्देशातला उन्हाळा म्हणजे ४४-४५ डिग्री, अख्खं गाव गच्चीवर झोपतं, घरच्यांनी धरून चाललेलं की वर वारं लागतं म्हणून झोप येते. पण गच्चीवर डास असतात, पहाटे माश्या असतात, सहा-साडेसहाला ऊन तोंडावर येतं, आणि जो माणूस खाली पंख्याखाली झोपू शकत नाही तो वर गोधडीवर ढाराढूर झोपतो, हे काही मला वाऱ्याने पटेना. आणि मृग लागला, अंथरूण खाली आलं की झोप गेली. मी विचारलं, "भाऊ, वर काय वेगळं आहे?" बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "वर पाणी येत नाही ना."

तर आता सुरत. खान्देशातली हजारो घरं सुरतेला लूमवर, साड्यांच्या मार्केटात, डायिंगमध्ये पोट भरतात हे इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. भाऊचे वडील, नाना, लूमवर होते, कतारगामच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याची खोली. ऑगस्ट २००६ मधे तापीच्या वरच्या भागात तुफान पाऊस झाला, सुरतच्या वरच्या उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं, विसर्ग ९ लाख क्युसेकच्या आसपास गेला आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. राखीपौर्णिमा ९ तारखेला होती, पाणी त्याच्या आधी सोमवारपासून चढायला लागलेलं. कानबाईचा रविवार आदल्याच दिवशी होऊन गेलेला आणि सोमवारी विसर्जन, म्हणजे आजीचा हिशोब तारखेने अगदी बरोबर आहे. भाऊ तेव्हा ९ वर्षांचा.

घरातलं सामान, आजी आणि धाकटी बहीण वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. नाना आणि बाकीचे पुरुष गल्लीतल्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला वर चढवायच्या गडबडीत. लाईट गेलेली. नानांनी भाऊला जिन्यात बसवलं, हातात मेणबत्ती दिली आणि सांगितलं, "पानी देखत ऱ्हाय, झोपू नको." भाऊने दप्तरातला खडू घेतला आणि पाणी जिथपर्यंत येईल तिथे जिन्याच्या भिंतीवर रेघ मारायला सुरुवात केली, पायरी बुडाली की नवी रेघ. खालच्या रेघा पाणी पुसून टाकायचं म्हणून तो पायऱ्या तोंडाने मोजत राहिला, वर किती उरल्या ते. आणि पहाटे कधीतरी त्याचा डोळा लागला. जाग आली ती नानांच्या थपडेने, पाणी दोन पायऱ्या वर आलेलं होतं आणि त्याचे पाय पाण्यात होते.

कुणी वाहून गेलं नाही, कुणाला काही झालं नाही. पुढचे दिवस गच्चीवर, हेलिकॉप्टरमधून पडलेली पाकिटं, भिजलेला फरसाण, नंतर चिखल. भाऊ हे सगळं हसत सांगत होता. थपडेचं सांगताना मात्र हसला नाही.

इथे घाई करायचा मोह होतो, की सापडलं बुवा मूळ, लहानपणचा पूर, पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनात उरून राहणारा आजार), चला. मला ते इतकं सरळ वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आपत्तीतून गेलेली बहुतेक मुलं पुढे बरी होतात, हे आधी डोक्यात ठेवावं लागतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक नावाच्या खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ ला कोळसा खाणीचा बांध फुटला, १२५ माणसं गेली, तिथल्या मुलांना संशोधकांनी १७ वर्षांनी पुन्हा गाठलं. पुरानंतर ३२ टक्के मुलांमधे पीटीएसडी धरता येईल अशी लक्षणं होती, मोठेपणी ७ टक्क्यांत उरली होती. याच्या उलट वेल्समधलं ॲबरफॅन, १९६६, खाणीचा ढिगारा शाळेवर घसरला आणि ११६ मुलं गेली. त्यातून वाचलेल्या मुलांना ३३ वर्षांनी तपासलं तर २९ टक्क्यांना तेव्हाही पीटीएसडी होता. आता दोन्हीकडचे लोक वेगळे, मोजायच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकडे शेजारी मांडून गणित करण्यात अर्थ नाही, पण मुलाने काय पाहिलं, कोण गमावलं आणि नंतर त्याच्या आयुष्यात काय काय मोडलं यावर खूप अवलंबून असतं एवढं नक्की.

भाऊचं नंतर काय मोडलं? लूम बंद, मालकाने पगार बुडवला, नाना काही महिने उधारीवर, मग सगळं विकून गावी परत. गावात शाळा वेगळी, मुलं "सुरती" म्हणून चिडवायची. नाना त्या काळात प्यायला लागले. पूर ओसरून गेला, त्याच्या पुढची दोन-अडीच वर्षं मात्र घरात रोज रात्री नाना कोणत्या मूडमधे येतात याचा कानोसा घेत पोरगं अंथरुणात जागं पडलेलं असायचं. माझ्या मते भाऊच्या झोपेचं जास्त नुकसान या वर्षांनी केलं. पुराने जागं राहायला शिकवलं, घराने त्याचा रोजचा सराव करून घेतला. १९९८ ला बालपणातल्या वाईट अनुभवांचा जो गाजलेला अमेरिकन अभ्यास आला, ज्याला सगळे एस (ACE) स्टडी म्हणतात, त्याच्या यादीत मारहाण आहे, घरातली दारू आहे, पण पूर-भूकंप नाहीतच. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, पुराची नुकसानभरपाई, पंचनामा सगळं होतं आणि त्यानंतर घरात काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

आणि झोपच का? कारण झोपायचं म्हणजे पहारा सोडायचा. धोक्यातून गेलेलं शरीर पहारा सोडायला तयार नसतं, हृदयाचे ठोके, कान, स्नायू सगळे अर्धे तयारीत. पीटीएसडीमधे वाईट स्वप्नं आणि झोप न लागणं ही बाकीच्या लक्षणांच्या पुढे चालणारी जोडी आहे. किल्लारीला १९९३ मधे पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, लोक झोपेत होते, तिथे अंथरुणाचीच भीती बसणं समजू शकतं. भाऊचं त्याहून एक पाऊल पुढे होतं, त्याच्या डोक्यात झोप लागणं हा गुन्हा होता, डोळा लागला की पाणी चढतं आणि थप्पड बसते. स्वप्नही तेच, जिना, पाणी, वर उरलेल्या पायऱ्या मोजतोय आणि दर वेळी एक कमी भरते. ते बहुतेक पहाटेकडे पडायचं, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते.

पण २८ व्या वर्षी हे जिवंत का राहिलं याचं उत्तर २००६ मधे मिळत नाही, ते आजच्या अंथरुणात शोधावं लागतं. वहिनींनी दोन आठवडे झोपेची डायरी लिहिली, सुंदर अक्षरात, चहाच्या कपांसकट. भाऊ साडेनऊला आडवा व्हायचा आणि सहाला उठायचा, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात आणि त्यात जेमतेम पाच तास झोप. उरलेला वेळ मोबाईल. त्यात पावसाळ्यात काय तर हतनूर. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे, किती उघडले, किती क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा, हे मेसेज तापीकाठच्या प्रत्येक ग्रुपवर रात्री-बेरात्री फिरतात, आणि भाऊ असल्या चार-पाच ग्रुपमधे होता. एक मेसेज आला की मग रील्स, कुठल्या तरी भलत्या राज्यातल्या पुराचे व्हिडिओ. दिवसाला आठ-नऊ चहा. रात्री जाग आली की तंबाखूची चिमूट, निकोटीन झोप उडवतं हे त्याला माहीतच नव्हतं, त्याला वाटायचं डोकं शांत होतं. वर गोळी.

आणि एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकात नसते, रात्रीची लाईट. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात भाऊ मोटार चालू करायला दीड-दोनला मळ्यात जायचा, त्यामुळे घरच्यांना त्याचं जागणं कधी आजार वाटलंच नाही. कष्टाळू पोरगा, रातभर जागतो. नाना तर कौतुकाने सांगायचे.

तपासण्यांचं थोडक्यात. थायरॉईड नॉर्मल, घोरणं नाही, झोपेत श्वास अडकण्याची लक्षणं नाहीत (हे बघावंच लागतं, वाईट स्वप्नं आणि स्लीप ॲप्निया पुष्कळदा एकाच माणसात सापडतात). निद्रानाशाच्या ० ते २८ च्या प्रश्नावलीत तो सर्वात वरच्या पट्ट्यात, म्हणजे २२ च्या पुढे. ट्रॉमाच्या प्रश्नावलीतही कटऑफच्या वर. डिप्रेशन सौम्य. मरावंसं वाटतं का, तर नाही, पण "कधीकधी वाटतं एकदाच काय तो पूर येऊन जाऊ दे" असं म्हणाला, ते मी लिहून ठेवलं आणि दर वेळी विचारत राहिले. आधी नुसता निद्रानाश असलेल्यांना पुढे डिप्रेशन होण्याची शक्यता साधारण दुप्पट असते, तेव्हा सौम्य आहे म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं.

ठरवायचं होतं ते हे की आधी पूर उकरायचा की आधी झोप धरायची. माझे काही सहकारी म्हणतील आधी ट्रॉमा. मी झोप आधी घेतली, कारण पावसाळा चालू होता, घरात तान्हं मूल होतं, आणि पाच तास झोपणाऱ्या माणसाला थपडेची आठवण पुन्हा पुन्हा सांगायला लावणं मला बरं वाटेना.

गोळी मानसोपचारतज्ज्ञांच्या हातात दिली, त्यांनी हळूहळू उतरवत नेली. इतक्या दिवसांची गोळी एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, घबराट होते, कधी फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून हा कार्यक्रम घरच्या घरी करू नका. आपत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात या गटातल्या (बेंझोडायझेपाइन) गोळ्या लोकांना वाटू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मधेच सांगितलंय, पण आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला पहिली तीच मिळते.

मग सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तन बदलायची पद्धत, अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१६ मधे गोळीच्या आधी हीच करा असं सांगितलेलं. ऐकायला सोपी आणि करायला पहिले दोन आठवडे भयंकर. अंथरुणात फक्त साडेपाच तास, रात्री बारा ते साडेपाच, आधी आडवं व्हायचं नाही, दुपारी डुलकी नाही, झोप येत नसेल तर उठून ओट्यावर बसायचं, उठायची वेळ काही झालं तरी तीच. गावात रात्री बारापर्यंत जागायचं म्हणजे करायचं काय, सगळं गाव नऊला चिडीचूप. भाऊने केळीच्या हिशोबाच्या वह्या काढल्या. रात्रीच्या लाईटीच्या आठवड्याचं कोडं मोबाईल स्टार्टरने आणि सालदाराने सोडवलं, म्हणजे मोटार फोनवरून चालू, आणि काही बिघडलं तर सालदार जाणार. नानांना हे पटायला वेळ लागला, मालकाने झोपायचं आणि सालदाराने जागायचं हे त्यांना शोभत नव्हतं. चहा संध्याकाळी पाचनंतर बंद, तंबाखूची पुडी रात्री वहिनींच्या डब्यात. झोप सलग व्हायला लागली तशी वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवली. (ज्यांना फिट येतात किंवा ज्यांचा मूड टोकाला जायचा आजार आहे त्यांनी हे असं झोप कमी करणं स्वतःच्या मनाने करू नये, रात्री गाडी चालवणाऱ्यांनीही नाही.)

हतनूरवर खूप घासाघीस झाली. भाऊ म्हणे ग्रुप सोडणार नाही, उद्या खरंच पाणी आलं तर? आणि त्याचं चुकत नव्हतं, गाव तापीकाठी आहे, ही भीती काल्पनिक नाही. शेवटी ठरलं की रात्री फोन दुसऱ्या खोलीत, आणि पोलीस पाटील भाऊच्या ओळखीचे, गाव हलवायची वेळ आली तर ते घरी येऊन दार वाजवतील. म्हणजे पहारा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर झाला. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा खात्री करायला पाटलांना फोन लावले, रात्री अकराला, ते वैतागले.

स्वप्नासाठी जी पद्धत वापरली तिच्यात जागेपणी स्वप्न बदलून लिहायचं असतं आणि रोज थोडा वेळ डोळे मिटून नवं स्वप्न पाहायचा सराव करायचा असतो. मी सांगत नाही काय बदलायचं, पेशंटने ठरवायचं. भाऊ पहिल्यांदा म्हणाला की स्वप्नात नाना थप्पड मारत नाहीत, उचलून घेतात. दोन दिवसांनी म्हणाला ते जमत नाही, खोटं वाटतं. मग मी विचारलं की पाणी उतरताना कसं उतरलं? तो थांबलाच. त्याला उतरतानाचं काही आठवेना, आठवणीत पाणी फक्त चढत होतं. घरी जाऊन आजीला विचारलं, आजीला सगळं आठवत होतं, एकेक पायरी चिखलात बरबटलेली कशी वर आली, त्यात मेलेली मासळी होती, आणि पायऱ्या धुवायला बायकांनी तेच गढूळ पाणी वापरलं. मग भाऊचं नवं स्वप्न तयार झालं, जिन्यात बसलाय, हातात खडू आहे, आणि पाणी उतरेल तशा रेघा खाली खाली मारतोय. हे त्याला खोटं वाटलं नाही कारण हे झालेलं होतं.

श्रावणात आजीने हट्ट धरला की या वर्षी कानबाईच्या विसर्जनाला भाऊने नदीवर यायचंच. वर्षानुवर्षं तो रोट खायला असायचा आणि सोमवारी काहीतरी काम काढायचा. भीतीच्या जागी टप्प्याटप्प्याने जायचं हे आमच्या पद्धतीतही आहेच, तेव्हा मी आजीशी वाद घालायचा प्रश्नच नव्हता, फक्त आधी दोनदा कोरड्या दिवशी काठापर्यंत जाऊन यायला लावलं. विसर्जनाच्या दिवशी भाऊ घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, घाम फुटला, पण पळाला नाही. आजीच्या मते केस त्या दिवशी संपली. माझ्या मते तो एक चांगला टप्पा होता. दोघींनी आपापलं मत ठेवलं.

थपडेचं सगळ्यात शेवटी, नानांना बोलावून. नाना म्हणाले, "मले काई आठवत नही." भाऊचा चेहरा उतरला, कारण ज्या एका क्षणावर त्याची एवढी वर्षं उभी होती तो समोरच्याला आठवतसुद्धा नव्हता. माफी वगैरे काही झाली नाही. नाना थोड्या वेळाने एवढंच म्हणाले की जिन्यात पोराला बसवायला नको होतं, पण दुसरं कोण होतं.

डिसेंबरपर्यंत गोळी सुटली. निद्रानाशाची प्रश्नावली १५ च्या खाली आली, म्हणजे हलका त्रास उरला. पुराचं स्वप्न महिन्यातून एखादं. पुढच्या जूनच्या आधी, मृग लागायच्या आत, दोन सेशन पुन्हा घेतली, आणि तो पावसाळा तळमजल्यावर झोपून काढला, अपवाद फक्त सगळे दरवाजे उघडतात त्या रात्रींचा. तेव्हा अजूनही सगळे वर झोपतात, पण आता संध्याकाळीच अंथरुणं वर नेतात, मध्यरात्री पोरीला उचलायचं बंद झालंय. हे मी आजारात धरत नाही, तापीकाठी राहणाऱ्या माणसाने तेवढं करावंच.

असं कुणी तुमच्या घरात असेल आणि जळगाव-धुळ्यापर्यंत येणं जमत नसेल तर टेलीमानस १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नाना त्या सेशननंतर काही दिवसांनी एकटेच आले, म्हणाले ॲसिडिटीने रात्री झोप लागत नाही. त्यांची डायरी आता वहिनीच लिहितायत. ती केस वेगळी आहे, तिच्यात दारू आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.